रद्द झालेलं विमान आणि भरपाई

पुणे–नागपूर सकाळचं विमान. आदल्या रात्री अकराला मेसेज: रद्द. आईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, हातपायच गळाले. मेसेजमधलं 'रिफंड' बटण दाबलं नाही, हे फार बरं झालं. पैसे परत घेतले असते तर ऐनवेळी दुप्पट भाड्याचं तिकीट काढावं लागलं असतं. काउंटरवर जाऊन दुपारचं विमान मागितलं. जादा पैसे न घेता मिळालं. रद्द होण्याचं कारणही तिथेच लेखी घेतलं: 'तांत्रिक'. हाच कागद पुढे कामी आला.

उड्डाणाला चोवीस तासांहून कमी वेळ उरला असताना रद्द झाल्याचं कळवलं, तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाने एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं कमी असेल ते मिळतं. (हवामानामुळे रद्द झालं तर नाही.) कंपनीने आधी नकार दिला. एअरसेवा या विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर कागदाच्या फोटोसह तक्रार टाकली, मग पैसे खात्यात आले.