जुनी स्टिरिओ कार्डं जमवताय? या चुका टाळा

स्टिरिओ कार्ड म्हणजे किंचित वेगळ्या कोनातून घेतलेले दोन फोटो शेजारी-शेजारी चिकटवलेला पुठ्ठा, दोन भिंगांच्या व्ह्यूअरमधून बघितला की चित्राला खोली येते. तर पहिलं, वाकलेलं कार्ड सरळ करायला जाऊ नका, प्लीज. साधारण १८८० नंतरच्या बऱ्याच कार्डांचा पुठ्ठा मुद्दामच फोटोच्या बाजूने थोडा खोलगट केलेला असतो, तो पावसाळ्याने वाकलेला नसतो. ओळखीतल्या एकाने अंडरवूड या अमेरिकन कंपनीच्या भारत सेटमधली कार्डं घेतली, फोटोग्राफर जेम्स रिकाल्टनने काढलेली, त्यात मुंबईचीही होती, आणि पठ्ठ्याने ती जाडजूड शब्दकोशांखाली दाबून ठेवली. कार्डं सपाट झाली खरी, पण फोटोंवर आडव्या-उभ्या भेगांची जाळी उठली, आणि वर मला विचारतो, यावर काही लावता येईल का! काय लावणार, कपाळ?

दुसरं म्हणजे ऑनलाइन विक्रेते सरसकट सगळ्यालाच 'व्हिक्टोरियन' म्हणतात. राणी गेली १९०१ मध्ये, आणि स्वस्त रंगीत छापील कार्डांचा सुकाळ झाला तो मुख्यतः त्यानंतर. दहापट भिंग लावा, ठिपके दिसले की ती छपाई, खरा अल्ब्युमिन फोटो (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचा) असेल तर ठिपके नसतात, कागदाचे तंतू दिसतात. विक्रेत्याकडून क्लोजअप मागवल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही, आणि 'लास्ट पीस' म्हणून घाई करणाऱ्याला तर अजिबात नाही.

ओला कपडा, वेट वाइप्स, काचेचा स्प्रे: नाही. अल्ब्युमिन फुगतं, हाताने भरलेला रंग निघतो. सेलोटेप, लॅमिनेशन यावर बोलायलाच नको.

फ्रेंच टिश्यू कार्डांवर, म्हणजे पातळ कागदावरच्या, मागून रंगवलेल्या फोटोंवर, टाचणीची भोकं असतात, ती कीड नव्हे. मागून उजेड धरा, दिवे आणि दागिने चमकतात, मागचा रंग पुढे येतो. एकाने ती भोकं चिकटपट्टीने बुजवलेली मी पाहिलीयत.

आणि व्ह्यूअरशिवाय कार्डं घेत सुटू नका. अमेरिकन लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्सच्या १८६१ च्या डिझाइनचा साधा नवा व्ह्यूअरही चालतो, मोबाइलवरचं ते हलणारं जिफ म्हणजे स्टिरिओ नव्हे. लोक दोन सेकंद डोळा लावतात आणि 'काही दिसत नाही' म्हणतात! अरे, व्ह्यूअरवरची कार्ड धरणारी पट्टी मागेपुढे सरकव, डोळे स्थिरावू देत. तरीही खोली नाहीच आली तर दोन्ही फोटोंत पुढचा खांब आणि मागचं घर यांच्यातलं अंतर मोजा, तंतोतंत सारखं निघालं तर कुणीतरी एकच फोटो दोनदा चिकटवलाय. मागचं पुढे आलेलं दिसलं तर डावं-उजवं उलटं लागलंय, स्कॅन करून स्क्रीनवर अदलाबदल करून बघा, पण मूळ फोटो उचकटू नका.