एमआयटीला नंबर लागेल का? आधी हिशोब नीट करा

"दहावीला 97 टक्के, सॅटला 1550, मग एमआयटीला लागेल का नंबर?" दर दिवाळीत कोणी ना कोणी मला हे विचारतंच (एमआयटी म्हणजे अमेरिकेतली, आणि सॅट म्हणजे तिकडच्या प्रवेशाची 1600 गुणांची परीक्षा), कारण पुतणीचा अख्खा अर्ज मी शेजारी बसून भरून घेतला होता.

आधी आकडे बघा. 2024 ला साधारण 28 हजार अर्ज आले, घेतले तेराशेच्या आत, म्हणजे साडेचार टक्के. पण हा आकडा आपला नाहीच. अमेरिकेबाहेरच्या पोरांना जागा दीडशेच्या आसपास, तिथं रेट 2 टक्क्यांच्या घरात येतो आणि त्या रांगेत जगभरचे ऑलिम्पियाडवाले उभे असतात. "मग दहा ठिकाणी टाकतो, कुठंतरी लागेल" हा हिशोबही फसवा, कारण तेच मार्क, शिक्षकांची तीच शिफारसपत्रं, जवळपास तेच निबंध सगळीकडे जाणार, एकाला जे खटकलं ते दुसऱ्यालाही खटकू शकतं.

आता स्वतःचा अंदाज कसा काढायचा, तर युनिव्हर्सिटीचं नाव आणि पुढं 'कॉमन डेटा सेट' टाकून गूगल करा, युनिव्हर्सिटीनं स्वतःच दिलेल्या प्रवेशाच्या आकड्यांची पीडीएफ मिळेल, त्यात सेक्शन सी. सी9 मध्ये सॅटचे आकडे असतात. एमआयटीला घेतलेल्यांपैकी निदान पाव पोरांना गणितात 800 पैकी 800, आणि एकूण बघितलं तर 1550 वाला मधल्या घोळक्यात. बास, तेवढं पुरे, परत परीक्षा देत बसू नका. मग सी7 बघा, कशाला किती वजन ते तिथं कळतं. मी पाहिला तेव्हा 'अतिशय महत्त्वाचं' हा शेरा एकाच गोष्टीपुढं होता, स्वभाव आणि वैयक्तिक गुण. मार्क नुसते 'महत्त्वाचे'.

आणि हा स्वभाव त्यांना कळणार कुठून, तर निबंधांतून आणि शिक्षकांच्या पत्रांतून. आपली पोरं नेमकी इथंच मार खातात. दोन पत्रं लागतात, एक गणित किंवा सायन्सच्या शिक्षकांचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या. पुतणी इंटिग्रेटेडवाल्या, म्हणजे कोचिंग क्लासशी जोडलेल्या कॉलेजात, हजेरी नुसती कागदावर, फिजिक्सच्या सरांना तिचा चेहराही माहीत नव्हता, त्यांनी "शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" लिहून दिलं, जे ते चाळीस जणांना देत असणार. ते बाजूला ठेवलं. शाळेतल्या गणिताच्या सरांना गाठलं, आणि दहावीच्या मराठीच्या बाईंना. बाईंनी लिहिलं की ही शुद्धलेखनाच्या नियमांवरून माझ्याशी तीन दिवस भांडली आणि चौथ्या दिवशी स्वतःच पुस्तक घेऊन आली की बाई, तुमचं बरोबर होतं. असं पत्र हवं! म्हणून अकरावीपासूनच एकदोन शिक्षकांशी ओळख ठेवा.

पैशाचं म्हणाल तर एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला फीसाठी मदत मागितली म्हणून परदेशी पोरांचाही चान्स कमी होत नाही. बऱ्याच ठिकाणी होतो, ते आधी तपासा.

टक्क्यांचं जीपीए (अमेरिकन पद्धतीची मार्कांची सरासरी) करत बसू नका, मार्कशीट आहे तशी द्या.

एमआयटीचा लवकरचा अर्ज 1 नोव्हेंबरपर्यंत, नेहमीचा जानेवारीच्या सुरुवातीला. नेहमीचा निकाल 14 मार्चला त्यांच्या संध्याकाळी 6:28 ला लागतो, आपल्याकडे तेव्हा 15 तारखेच्या पहाटेचे 3:58. बारावीचे पेपर त्याच सुमारास असतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर मोबाईल आईकडे देऊन झोपा.