पेट स्कॅनआधीच्या या चुका टाळा

पेट स्कॅन म्हणजे शिरेतून किरणोत्सारी औषध टोचून, ते शरीरात कुठे साठतं याचं चित्र काढणारी तपासणी, बहुधा कॅन्सरसाठी केली जाणारी. तिचा रिपोर्ट गोंधळाचा आला की आधी मशीनला दोष दिला जातो. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. गडबड झालेली असते ती आदल्या दिवशी किंवा इंजेक्शननंतरच्या तासाभरात. रुग्णाला 'उपाशी या' एवढंच सांगितलेलं असतं. का, ते कुणी सांगत नाही.

म्हणून आधी कारण बघू. टोचलेल्या त्या औषधाला ट्रेसर म्हणतात आणि सर्वाधिक वापरला जाणारा ट्रेसर म्हणजे एफडीजी. हा ग्लुकोजसारखाच रेणू, फक्त त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला. पेशी त्याला साखर समजून आत घेते, हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट चिकटवतं. पण पुढची पायरी जमत नाही आणि रेणू तिथेच अडकतो. फ्लोरिनमधून सुटलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच धन प्रभाराचा जोडीदार, जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोन्ही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. स्कॅनर ती जोडी टिपतो. एफडीजीला कॅन्सर ओळखता येत नाही. जिथे साखरेला मागणी, तिथे तो जातो आणि ती जागा चित्रात उजळते.

उपास अर्धवट पाळणं

किमान ४ ते ६ तास पोटात काही नको. साधं पाणी मात्र भरपूर प्या. लोक जेवत नाहीत, पण च्युइंग गम चघळतात, गोड खोकल्याचं औषध घेतात. दाखल असलेल्या रुग्णाला तर डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं, सलाइन चालूच असतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. नातेवाइकांनी बाटलीवरचं नाव वाचून नर्सला विचारावं, यात संकोच कसला?

साखर उतरवायला ऐनवेळी इन्सुलिन घेणं

ही मला सगळ्यात घातक चूक वाटते, कारण ती चांगल्या हेतूने होते. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर साधारणपणे स्कॅन पुढे ढकलतात, या भीतीने मधुमेही रुग्ण निघताना इन्सुलिन टोचून येतो. साखरेचा आकडा खाली येतो खरा, पण इन्सुलिन ग्लुकोजला स्नायूंत ढकलतं आणि एफडीजीही मागोमाग तिकडेच जातो. चित्रात मांड्या, पाठ, हृदय झगझगीत आणि गाठ फिकी. जलद काम करणारं इन्सुलिन आणि ट्रेसर यांत निदान ४ तासांचं अंतर हवं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतडी उजळतात, त्यामुळे पोटातला आजार शोधायचा असेल तर ते ४८ तास आधी थांबवायला सांगू शकतात. हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मनाने गोळी बंद करू नका.

व्यायाम, थंडी आणि गप्पा

आदल्या दिवशी जोराचा व्यायाम केला तर दमलेले स्नायू ट्रेसर ओढतात. थंडी वाजली तर मानेतली आणि गळपट्टीच्या हाडावरची तपकिरी चरबी उष्णता तयार करायला साखर जाळू लागते. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) रुग्णात नेमक्या याच जागी गाठी शोधायच्या असतात! गरम कपडे घालून या, पांघरूण मागून घ्या. इंजेक्शननंतर साधारण ६० मिनिटं शांत पडून राहा. फोनवर बोलत बसलात तर स्वरयंत्राचे स्नायू चमकतात. स्कॅनच्या आधी लघवीला जाऊन या, कारण ट्रेसर मूत्राशयात साठतो आणि आसपासचं झाकून टाकतो.

उशिरा पोहोचणं

फ्लोरिन-१८चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटं आहे. तुमच्या वेळेसाठी मोजलेला डोस दोन तासांत निम्म्याहून कमी उरतो.

माहिती लपवणं

न्यूमोनिया, क्षयरोग, ताजी शस्त्रक्रिया, दातातला पू, सगळेच ट्रेसर ओढतात. नुकतीच लस घेतली असेल तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी उजळू शकतात, म्हणून कोणत्या हातावर घेतली तेही सांगा. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं असेल तर अख्खी अस्थिमज्जा पेटल्यासारखी दिसते. रेडिएशननंतरची सूज कित्येक आठवडे टिकते, त्यामुळे साधारण ३ महिने थांबणं बरं. घाईने केलेल्या स्कॅनने विनाकारण धडकी भरते. गरोदरपणाची शक्यता असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

सुई टोचल्यावर हातात आग झाली किंवा फुगवटा आला तर लगेच बोला. ट्रेसर शिरेबाहेर झिरपला तर तो बाकी शरीरात कमी पोहोचतो आणि एसयूव्ही, म्हणजे एखाद्या जागेने किती ट्रेसर घेतला ते सांगणारा आकडा, खोटा लहान येतो. हा आकडा डोस, वजन आणि वेळेवरून काढतात, म्हणून वजन आठवणीतून सांगू नका. काट्यावर उभे राहा. उपचाराआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करायची तर शक्यतो तेच मशीन आणि इंजेक्शननंतर तेवढाच वेळ हवा.

'काही दिसलं नाही म्हणजे काही नाही'

मेंदू कायम साखरच खात असतो, त्यामुळे त्या उजेडात छोट्या गाठी हरवतात. तिथे एमआरआय लागतो. प्रोस्टेटचे बरेचसे आणि संथ वाढणारे न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींचे) ट्यूमर एफडीजी फारसा घेत नाहीत. त्यांच्यासाठी पीएसएमए आणि डोटाटेट हे वेगळे ट्रेसर आहेत. स्कॅन ठरवतानाच विचारा: माझ्या आजाराला कोणता?

स्कॅननंतरची भीती

ट्रेसर काही आठवडे अंगात राहत नाही. १८ तासांत जवळजवळ हजारावा भाग उरतो, त्याआधी काही भाग लघवीवाटेही जातो. पाणी पीत राहा आणि त्या दिवसापुरतं तान्ह्या बाळांना आणि गरोदर स्त्रियांना फार वेळ बिलगून बसू नका. अंगावर पाजत असाल तर किती तास थांबायचं, ते इंजेक्शनच्या आधीच विचारून ठेवा.