मोठं घर विकून छोट्या फ्लॅटात जाताय? या चुका टाळा

लेकरं पुण्याला, घरात दोघंच, आणि झाडायला पाच खोल्या. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरातलं घर काढायचं आणि शहरातच औरंगपुरा-समर्थनगर भागात वन बीएचके घ्यायचा. विचार चांगलाच आहे. पण इथे लोक टाइल्स पाहतात, किचनचे ड्रॉवर ओढून पाहतात आणि पाण्याचा हौद न बघताच टोकन देऊन येतात.

एका निवृत्त जोडप्याने असाच भादव्यात, बोअर धो-धो चालू असताना फ्लॅट घेतला. बिल्डिंगीत 12 फ्लॅट, माणसं 36. माणशी रोज 135 लिटर धरा, झाले 4,860. नळ पाचव्या दिवशी, म्हणजे साठा हवा 24,300 लिटरचा. हौद होता 8 फूट लांब, 6 फूट रुंद, आत पाणी 5 फूट. म्हणजे 240 घनफूट, घनफुटाला 28.3 लिटर धरले तर जेमतेम 6,800. वापर निम्म्यावर आणला तरी कसेबसे पावणेतीन दिवस निघतात, पाचपैकी उरलेले दोन-सव्वादोन दिवस कोरडेच. चैतात बोअरने मान टाकली, टँकर सुरू झाले आणि खर्च कमी करायला आलेल्यांच्या मेंटेनन्सवर टँकरची वर्गणी चढली.

त्यामुळे हौदाचं झाकण स्वतः उचलायचं. दोरीला दगड बांधून खोली मोजायची आणि गेल्या मे महिन्यातली टँकरची बिलं सेक्रेटरीकडून मागून घ्यायची. तो टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच. घर बघायचं ते एप्रिल-मेमध्ये. घाई असलेल्यांना हे पटत नाही. त्यांना दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा असतो.

‘सगळं पायी अंतरावर’ हे एजंटाचं वाक्य. मंडई, मेडिकल, बँक आणि दवाखाना स्वतः चालून बघा. एकदा दुपारी 12 वाजता आणि एकदा अंधार पडल्यावर. येताना हातात पाच किलोची भाजीची पिशवी असू द्या. अर्धा किलोमीटर जमतो, पण लिफ्ट नसलेला तिसरा मजला गुडघ्यांना जमत नाही. मधे वर्दळीचा जालना रोड ओलांडावा लागत असेल तर ते घर पायी अंतरावर नाहीच.

शेवटचा मजला स्वस्त मिळतो, कारण मे महिन्यात रात्रीही स्लॅब तापलेला असतो.

दर कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच बोला. ‘नऊशे फुटांचा’ फ्लॅट आत सहाशे भरू शकतो.

जुनं घर गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरचं असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आधी काढा. ते नसेल तर घेणाऱ्याला बँकेचं कर्ज मिळणं अवघड जातं आणि तुमचं टोकन तिकडे अडकून पडतं.

जुन्या घराच्या विक्रीतला सगळा नफा छोट्या फ्लॅटात मुरत नाही. उरलेल्या नफ्यावर कर लागू शकतो, म्हणून सीएकडे विसार घेण्याआधी जा.

सामानासाठी एकच उपाय: नव्या खोलीची मापं जुन्या हॉलच्या फरशीवर खडूने आखा आणि दिवाण, कपाट त्या चौकटीत ठेवून बघा. टेपने मापं घेऊन ‘बसेल’ म्हणणाऱ्यांची कपाटं नंतर दार अडवून बसतात. क्विंटलभर ज्वारीची कोठी मात्र आखायच्या आधीच देऊन टाका. दोघांना महिन्याची दहा-पंधरा किलो पुरते, आणि दुकान आता खालीच आहे.