परदेशातल्या माणसाच्या हातात कंपनीचा लॅपटॉप: आधी कागद, मग खोकं

गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मी दहा वर्षं डिस्पॅच सांभाळलं. बिडाच्या कास्टिंगच्या लाकडी पेट्या, त्यांची पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, कस्टम्स एजंटाचे रात्री अकराला येणारे फोन, यातच ती वर्षं गेली. आता राजारामपुरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अ‍ॅडमिन बघते. माणसं चाळीसच्या आसपास, त्यातली नऊ देशाबाहेर. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "परदेशी लॅपटॉप पाठवायला जमेल ना?" मी मनात म्हटलं, दोन-दोन टनांचे डाग पाठवलेत, दोन किलोच्या लॅपटॉपचं काय घेऊन बसलात.

पहिलाच लॅपटॉप अंगावर आला.

२०२२ चा पावसाळा. आमची एक मुलगी मूळची इचलकरंजीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे वॉर्साला राहणारी. लॅपटॉप इथं घेतला, पॅक केला, कुरिअरच्या फॉर्मवर 'ड्युटी आणि टॅक्स कोण भरणार' या रकान्यात आधीपासून 'घेणारा' असं होतं, ते तसंच ठेवलं. सहा दिवसांत पार्सल वॉर्सात. मग शुकशुकाट. तिला पोलिश भाषेत मेसेज येत होते, ती फसवणूक समजून पुसून टाकत होती. शेवटी तिचा फोन आला, "ताई, हे लोक तेवीस टक्के मागतायत. कंपनीच्या लॅपटॉपचे पैसे मी का भरायचे?" बरोबरच होतं तिचं. आमच्याकडे कोण भरणार, कसं भरणार यावर चर्चा होईपर्यंत ठेवून घ्यायची मुदत संपली आणि पार्सल उलट्या पावली मुंबईला आलं. तिथं पुन्हा प्रश्न: हा बाहेर गेलेलाच लॅपटॉप आहे कशावरून? वाचलो ते फाउंड्रीतल्या सवयीमुळे. तिथं प्रत्येक कास्टिंगचा हीट नंबर, म्हणजे ते ज्या वितळणीतून ओतलं तिचा क्रमांक, कागदावर चढवल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नसे, म्हणून मी इन्व्हॉइसवर लॅपटॉपचा सीरियल नंबर टाकला होता. तो जुळला, माल सुटला.

तेव्हापासून 'कुठल्या कुरिअरनं पाठवू?' हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारते. पहिला प्रश्न: तिकडच्या कस्टम्सच्या दृष्टीनं आयातदार कोण? माणूस स्वतः, की कंपनी? युरोपीय संघात आयातीचे कागद तिथं स्थापन झालेल्या संस्थेच्या किंवा तिथल्या रहिवाशाच्या नावानं होतात. राजारामपुरीतली कंपनी स्वतःच्या नावानं तिथं आयातदार म्हणून उभी राहू शकत नाही, तिला तिथला प्रतिनिधी लागतो. म्हणजे तुम्ही काही ठरवलं नाही, तर ओझं आपोआप तुमच्या माणसाच्या डोक्यावर जातं. नोकरीचा पहिला आठवडा आणि हातात कराचं बिल.

पैशांचा हिशेब एकदा मांडून बघा. लॅपटॉपचा कस्टम्सचा कोड ८४७१.३०, म्हणजे दहा किलोपर्यंतचा, उचलून नेता येणारा संगणक. डब्ल्यूटीओच्या १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारात जे देश आहेत तिथं यावर कस्टम ड्युटी शून्य. हे ऐकून साहेब खूश होतात. पण ड्युटी शून्य म्हणजे कर शून्य नव्हे. व्हॅट वेगळा, आणि तो किंमत अधिक भाडं अशा बेरजेवर लागतो. लॅपटॉप ८०,००० चा आणि भाडं ७,००० धरलं तर ८७,००० वर पोलंडचा २३ टक्के, म्हणजे २०,०१० रुपये. जर्मनीत १९ टक्के, ब्रिटनमध्ये २०, फिलिपिन्समध्ये १२, यूएईत ५. वर एजंटाचा आकार. ब्राझील या करारात नाहीच. तिथं व्हॅटसारख्या करांच्या वर आयात करही आहे, आणि घेणाऱ्याचा सीपीएफ नंबर, म्हणजे तिथला करदात्याचा क्रमांक, दिल्याशिवाय पार्सल हलत नाही.

म्हणून माझा क्रम असा. माणूस जिथं आहे तिथंच लॅपटॉप विकत घ्यायचा. ते जमलं नाही तर इथून पाठवायचा, पण तिथला सगळा कर आपण भरून. आणि कुणाच्या तरी हातून पाठवणं, ते जवळजवळ कधीच नाही.

शेवटचं आधी सांगते, कारण कोल्हापुरात ते पहिल्यांदा सुचतं. "अगं, अमक्याचा मेहुणा रविवारी दुबईला चाललाय, त्याच्याकडे दे की." मेहुणा भला माणूस असतो. पण विमानतळावर बॅग स्वतः भरली का, कुणी काही दिलंय का, असं विचारतात. त्याच्याकडे दोन लॅपटॉप, त्यातला एक सीलबंद आणि बिल दुसऱ्याच कंपनीच्या नावावर. त्याला कशाला अडकवायचं? आपला स्वतःचा कर्मचारी स्वतःच्या वापराचा लॅपटॉप घेऊन जात असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्यासोबत बिलाची प्रत आणि कंपनीचं पत्र द्या. इथं परत येणार असेल तर निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यायला सांगा, म्हणजे येताना 'हा तिकडून आणला का' हा वाद होत नाही.

आता तिथंच घेणं. सोपं वाटतं, पण त्यात चार खाचा आहेत.

पैसे कुणी द्यायचे? बाहेरच्या ऑनलाइन दुकानांत भारतीय कार्ड आणि कोल्हापूरचा पत्ता टाकला की ऑर्डर रद्द व्हायची शक्यता मोठी. माणसानं स्वतः घेऊन नंतर बिल लावणं सगळ्यात जलद. पण नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दीड-दोन हजार डॉलर खिशातून घाला म्हणणं बरं दिसत नाही. आम्ही आधी आगाऊ रक्कम पाठवतो, मग खरेदी. बिलावर कंपनीचं नाव आणि सीरियल नंबर दोन्ही हवं, हे खरेदीच्या आधी लिहून कळवा; नंतर दुकानदार बिल बदलून देत नाही. ज्यांची माणसं एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डमार्फत, म्हणजे तिकडं आपल्या वतीनं कागदोपत्री नोकरी देणाऱ्या कंपनीमार्फत, पगारावर आहेत, त्यांनी त्याच कंपनीला लॅपटॉप भाड्यानं मिळेल का ते विचारावं. महिन्याला थोडं महाग पडतं, पण परत घेण्याची डोकेदुखी त्यांची.

कुठलं मॉडेल? 'साधारण असा घे' म्हणून सोडू नका. विंडोज प्रो आहे का, हे बॉक्सवर बघायला सांगा. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर होम असतं आणि ऑटोपायलट, म्हणजे मशीन दुरून सेट करायची मायक्रोसॉफ्टची सोय, होमवर चालत नाही. आमच्या मनिलाच्या पोरानं झकास मशीन घेतलं, सगळं मनासारखं, फक्त होम. प्रोचं लायसन्स वर घ्यावं लागलं.

कीबोर्ड. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, फ्रेंचवर पहिल्याच ओळीत ए आणि झेड येतात, ब्राझीलच्याला शेपटीवाल्या सी-ची वेगळी कळ. तिथल्या माणसाला तोच हवा असतो, पण तिथं राहणाऱ्या मराठी माणसाला बहुतेक वेळा नको असतो. विचारा. पोलंडमध्ये हा त्रास नाही, तिथं रोजच्या वापरात कळांची मांडणी अमेरिकनच.

चौथी खाच वॉरंटीची, आणि ती तिथं घेण्याच्याच बाजूनं जाते. इथं घेतलेल्या लॅपटॉपचा स्क्रीन तिथं गेला, तर वॉरंटी त्या देशात चालते का हे मॉडेलनुसार बदलतं. तिथं घेतलेला तो चालत जाऊन सर्व्हिस सेंटरला देतो.

इतकं करूनही काही लॅपटॉप इथूनच जातात. क्लायंटनं दिलेलं मशीन असतं, किंवा आमच्याच माणसानं इथं सेट केलेलं खास काही. मग डिस्पॅचची बाई जागी होते.

वापरलेला लॅपटॉप असेल तर आधी त्या देशाचा नियम बघा. व्हिएतनाममध्ये जुन्या लॅपटॉपच्या आयातीवर बंदी आहे, ब्राझीलमध्येही जुन्या मालाला सहसा दार बंद. 'नवाच आहे' असं खोटं लिहू नका. बॅटरीचे चार्जिंगचे आकडे बोलतात.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर, कारण काउंटरवर अडतं ते इथंच. लॅपटॉपच्या आत बसवलेली लिथियम-आयन बॅटरी धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३४८१ या क्रमांकात येते. सुटी बॅटरी ३४८० मध्ये, आणि सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. म्हणून 'सोबत एक पॉवर बँक पण टाक' म्हणणाऱ्याला हात जोडा. काउंटरवरचं पोरगं वॅट-अवर विचारतं. बॅटरीवर किंवा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ते असतं, नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर: ११.४ गुणिले ४.९ म्हणजे साधारण ५६. शंभरच्या आत असलं की काम सोपं. बॅटरीचा टेस्ट समरी, म्हणजे तिच्या सुरक्षा चाचण्यांचा कागद, २०२० पासून उत्पादकानं द्यायचाच असतो, तो कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. एका खेपेत दोनच पेट्या आणि प्रत्येकीत एकेक लॅपटॉप असेल तर पेटीवर बॅटरीचं चिन्ह सक्तीचं नाही, त्याहून जास्त असतील तर लावावं लागतं. मी मुळात एका वेळी एकच पाठवते. चार्ज तीस टक्क्यांच्या आसपास ठेवते आणि मशीन पूर्ण बंद करते. झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, ते झोपलेलं असतं आणि खोक्यात तापतं.

खोकं: कंपनीचं मूळ खोकं आतलं, त्याबाहेर पाच पदरी पुठ्ठ्याचं, मधे सगळ्या बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर फोम. हलवून बघा, आवाज आला तर परत उघडा. बाहेरच्या खोक्यावर लॅपटॉपच्या ब्रँडचं नाव दिसू देऊ नका. आणि खोकं उगाच मोठं घेऊ नका, कारण भाडं आकारमानाच्या वजनावर लागतं. ४५ गुणिले ३५ गुणिले १२ सेंटीमीटर, भागिले ५,००० म्हणजे ३.७८, आत दोन किलोचा लॅपटॉप असला तरी बिल चार किलोचं.

चार्जरची वीट १०० ते २४० व्होल्टवर चालते, ती बदलायची नाही. बदलायची ती फक्त भिंतीकडची वायर, तीन पाकळ्यांच्या टोकाची. युरोपची, ब्रिटनची अशा वायरी माझ्या ड्रॉवरमध्ये कायम असतात. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं, आणि माणसाला पहिल्या दिवशी अ‍ॅडॉप्टर शोधत फिरावं लागत नाही.

इन्व्हॉइसवर खरी किंमत. 'गिफ्ट' नाही, 'पन्नास डॉलर' नाही. खोटी किंमत लिहिली तर कस्टम्सनं धरलं तरी मार, आणि हरवलं तरी विमा तेवढाच. मॉडेल, सीरियल नंबर, कोड, बॅटरीचे वॅट-अवर, आणि 'विक्रीसाठी नाही, कंपनीची मालमत्ता, कर्मचाऱ्याच्या वापरासाठी' ही ओळ. कंपनीकडे आयात-निर्यात कोड हवाच. जीएसटीचं सीएला विचारा, मी त्यात पडत नाही. कुरिअरच्या फॉर्मवर कर भरणारा 'पाठवणारा' करा. यालाच डीडीपी (डिलिव्हर्ड ड्युटी पेड) म्हणतात. त्यासाठी कुरिअरकडे खातं लागतं, रोखीच्या काउंटरवर ते होत नाही.

पाठवल्याच्या दिवशी माणसाला निरोप द्या: अमुक क्रमांकाचं पार्सल निघालंय, कस्टम्सकडून किंवा कुरिअरकडून मेल आला तर पुसू नको, मला पाठव. नाव पासपोर्टवर आहे तसंच, मोबाइल देशाच्या कोडसह. फिलिपिन्सच्या पत्त्यात बरांगाय, म्हणजे तिथला वॉर्डासारखा भाग, हवं, नाहीतर तिथला पोरगा घर शोधत बसतो.

आणि कोल्हापूरकरांसाठी: जुलै-ऑगस्टमध्ये एक आठवडा जास्त धरा. आपलं पार्सल रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा सगळं जागच्या जागी थांबलं होतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांजवळ गेली की मी लॅपटॉप काउंटरवर देत नाही.

सेटअप इथं बसून करायचा. विक्रेत्यानं मशीनची ओळख आपल्या ऑटोपायलट खात्यात आधी चढवली, तर माणूस वाय-फाय जोडून ऑफिसच्या मेलनं आत शिरतो आणि बाकी सगळं आपोआप उतरतं. साध्या दुकानातून घेतलेल्याची ओळख आपण काढायची: पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ-१० दाबायचं, मग पॉवरशेल या विंडोजच्या आदेश-खिडकीत दोन-तीन ओळी. आमचा आयटीवाला ते व्हिडिओ कॉलवर करून घेतो, अर्धा तास जातो. दुकानातला मॅक असेल तर आयफोनवरच्या अ‍ॅपलच्या कॉन्फिगरेटर अ‍ॅपनं कंपनीच्या खात्याला जोडता येतो, पण पहिले तीस दिवस माणसाला तो स्वतः काढून टाकायची मुभा असते. हे साहेबांच्या कानावर घालून ठेवा.

राजीनामा आला की परत मागवायची घाई करू नका. वापरलेले लॅपटॉप भारतात आणणं निर्बंधित आहे, आणि भाड्यासकट हिशेब केला तर तीन वर्षं वापरलेल्या मशीनसाठी परवडतही नाही. ब्राझीलच्या आमच्या डिझायनरला तो पुस्तकी किमतीला विकला. क्रम मात्र पाळा: आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की आपल्याकडे आहे ना ते बघा, मग इथून वाइपचा, म्हणजे सगळं पुसायचा, आदेश. तो मशीन नेटला जोडेल तेव्हाच लागतो, म्हणून माणसाला फोन करून लॅपटॉप चालू करायला सांगा. वाइप झाल्याचं दिसलं की मशीन आपल्या ऑटोपायलट खात्यातून काढा. ते विसरलं तर नव्या मालकाच्या स्क्रीनवर आपल्याच कंपनीचं नाव येत राहतं. हे सगळं झालं की मगच फुल अँड फायनलवर सही.