‘वॉरबँड’च्या मल्टिप्लेअरमध्ये भाला कसा चालवावा

‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’ हा गेम २०१० साली आला. अंकाऱ्याच्या टेलवर्ल्ड्स कंपनीचा हा गेम साध्या, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. इंदूरच्या राजेंद्रनगरात किंवा लोकमान्यनगरात चार-पाच मित्र जमून एका राउटरवर लढाई लावायची, तर याच्याइतका सोयीचा मध्ययुगीन गेम सापडणं कठीण. होळकरांच्या इंदूरात भाला म्हटलं की डोळ्यांसमोर घोडेस्वारच उभा राहतो, आणि नवा खेळाडू हमखास आधी घोडा विकत घेतो. तसं करू नका. घोड्यावर भाल्याला जोर घोडा देतो. पायी लढताना तो जोर तुमच्या पावलांतून यावा लागतो. तो एकदा जमला की घोड्यावरचा भाला फार पटकन येतो.

आधी सेटिंग आणि सर्व्हर

ऑप्शन्समध्ये हल्ल्याची दिशा ‘माउसच्या हालचालीने’ अशी ठेवा. मग माउस वर ढकलून डावं बटण दाबलं की भाला खांद्यावरून टोचतो, खाली ओढून दाबलं की कमरेच्या उंचीवरून सरळ भोसकतो. बहुतेक भाल्यांना या दोनच दिशा असतात. काही भाले दोन्ही हातांत धरले तर डावी-उजवी झोडपही मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका. ब्लॉक, म्हणजे समोरचा वार अडवणं, उजव्या बटणाने होतो आणि तो मात्र भाल्यानेही चारही दिशांना घेता येतो. ब्लॉकची दिशा आपोआप ठरू देणं काही सर्व्हर बंद ठेवतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती हाताने निवडायची सवय करा.

सर्व्हरची यादी पिंगनुसार, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळानुसार, लावा. इंदूरहून युरोपातल्या सर्व्हरला पिंग साधारण १५० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त मिळतो. म्हणजे समोरच्याची तलवार हलायला लागलेली तुम्हाला उशिरा दिसते. अशा वेळी अंगाला अंग लावून लढणारा आपल्याकडचा खेळाडू मार खातोच. भाला इथे उपयोगी पडतो, कारण हातभर जास्त अंतर म्हणजे विचार करायला थोडा जास्त वेळ. वाय-फायऐवजी केबल लावा. सरासरी पिंगपेक्षा मध्येच उसळणारा पिंग जास्त घात करतो.

कोणता भाला घ्यावा

गेममध्ये प्रत्येक शस्त्राची लांबी आकड्यात दिलेली असते. एका हाताच्या तलवारी १०० च्या आसपास असतात, मधले भाले दीडशेच्या पुढेमागे, ॲशवूड पाइक (पाइक म्हणजे पायदळाचा लांब भाला) १७० आणि लांब पाइक २४५. आकडे बघून लगेच पाइक उचलावासा वाटतो. पाइकला दोन्ही हात लागतात, ढाल धरता येत नाही आणि वळायला तो फार जड जातो. एकट्याने पाइक घेऊन फिरणाऱ्याला कुणीही बाजूने येऊन कापतं. सुरुवात मधल्या भाल्याने करा. तो ढालीसोबत एका हातात धरता येतो आणि ढाल फुटली किंवा पाठीवर टाकली की दोन्ही हातांत. दोन्ही हातांत धरल्यावर तो जलद होतो आणि मारही वाढतो. पाठीवरची ढाल मागून येणारे बाण अडवते, त्यामुळे ती टाकून देऊ नका.

शस्त्रांच्या जागा चार असतात. भाला आणि ढाल घेतल्यावर तिसरी जागा आखूड तलवारीला द्या, हे सक्तीचंच समजा. पैसे कमी पडत असतील तर चिलखतात काटकसर करा, तलवारीत नको.

टोच कशी बसते

भाल्याचं सगळं गणित इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

वॉरबँडमध्ये माराचा आकडा फक्त शस्त्रावर ठरत नाही. मारणारा आणि मार खाणारा एकमेकांकडे किती वेगाने येत आहेत, तेही त्यात धरलं जातं. तुम्ही पुढे पाऊल टाकत टोचलं आणि समोरचाही धावत येत असला तर तीच टोच कितीतरी खोल जाते. तुम्ही मागे सरकत टोचलं तर तीच टोच चिलखतावरून निसटते. नवशिके नेमकं हेच करतात: तलवारवाला अंगावर आला की ‘एस’ दाबून मागे पळत टोचत राहतात, भाला लागतो पण समोरचा पडत नाही, आणि मग भाला कुचकामी आहे असा समज होतो.

दुसरी गोष्ट अंतराची. टोच सुरू होताच भाल्याचं टोक काही समोरच्याच्या अंगात नसतं. हात पुढे जातो, मग टोक. हालचालीच्या सुरुवातीलाच भाला अंगाला भिडला तर तो नुसता आपटून परत येतो. म्हणून समोरचा इतका दूर हवा की हात जवळजवळ पूर्ण लांब झाल्यावर टोक त्याला लागेल. थर्ड पर्सन कॅमेऱ्यात, म्हणजे आपला खेळाडू मागून दिसतो त्या दृश्यात, हे अंतर नजरेत बसायला सोपं जातं, कारण टोक पूर्ण दिसतं.

दोन्ही एकत्र करायचं ते असं. समोरच्याच्या तलवारीच्या टप्प्याबाहेर उभे राहा, ब्लॉक धरलेला. तो पुढे आला की दोन पावलं मागे घ्या. तो पाठलाग करतो आणि वार काढतो. तो वार हवेत गेला की लगेच ‘एस’ सोडून ‘डब्ल्यू’ दाबा आणि पाऊल पुढे पडत असतानाच टोच सोडा. कबड्डीत चढाई करणारा जसा मागे झुकून बचावपटूला बाहेर ओढतो आणि त्याच क्षणी आत घुसतो, तशी ही चाल आहे. टोच सुटल्यावर माउस हलकेच समोरच्याच्या दिशेने वळवत राहा. तो बाजूला सरकला तरी टोक त्याच्यामागे जातं. माउस जोरात फिरवला तर मात्र टोक त्याला ओलांडून निघून जातं.

आकड्यात खात्री करायची असेल तर सिंगल प्लेअरमध्ये माराची नोंद चालू करा. प्रत्येक माराखाली वेगामुळे किती टक्के वाढ किंवा घट झाली ते स्क्रीनवर येतं. उभं राहून, मागे सरकत आणि पुढे जात टोचून बघा. फरक समोर दिसतो.

हूल आणि चेंबर

भाल्याच्या दोनच दिशा असल्यामुळे चांगला खेळाडू तुमची टोच सहज अडवतो. उपाय हूल देण्याचा. डावं बटण दाबून हात मागे घ्या, सोडण्याआधी उजवं बटण दाबून वार रद्द करा आणि लगेच दुसऱ्या दिशेने टोचा. वरची हूल दाखवून खालून टोचणं जास्त फळतं, कारण वर उचललेला हात डोळ्यांत भरतो. एकाच माणसाला दोनदा तीच जोडी दाखवू नका.

समोरच्याचा वार पोचण्याच्या अगदी आधी त्याच दिशेने तुम्ही वार सुरू केलात, तर त्याचा वार अडतो आणि तुमचा चालू राहतो. याला चेंबर म्हणतात. १५० च्या पिंगवर हे नशिबावर अवलंबून राहतं, तेव्हा बाहेरच्या सर्व्हरवर त्याचा नाद नको. लॅनवर, म्हणजे एकाच राउटरवर मित्रांशी खेळताना, जरूर शिका.

ढालवाला समोर आला तर

समोरून टोचत बसण्यात अर्थ नाही. ढाल फोडायला कुऱ्हाड चांगली, भाला नाही. ‘ई’ दाबून लाथ मारता येते, पण लाथेसाठी इतकं जवळ जावं लागतं की नंतर भाल्याला जागाच उरत नाही. लाथ बसली तर तो थबकतो. त्या क्षणाचा उपयोग एक पाऊल मागे घ्यायला करा आणि मग टोचा. लाथ हुकली तर तुम्हीच उघडे पडता. तो चिकटूनच आला तर हट्ट सोडा, माउसचं चाक फिरवून तलवार काढा. हातातल्या भाल्यावर जीव जडणं हे पायदळातल्या भालेवाल्याच्या मरणाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

घोडा अंगावर येतो तेव्हा

इथे भाल्यासारखं शस्त्र नाही. धावत्या घोड्याला समोरून भाल्याची टोच बसली की तो दोन पायांवर उभा राहतो आणि जागीच थांबतो. थांबलेला स्वार म्हणजे तुमच्या साथीदारांची शिकार.

पळू नका, घोडा तुमच्यापेक्षा जलदच असतो. त्याच्याकडे तोंड करून उभे राहा आणि खालची टोच तयार धरा. स्वाराने भाला काखेत आडवा धरला असेल तर तो मार तुमच्या शस्त्राने अडत नाही, आणि ग्रेट लान्स या स्वाराच्या भाल्याची लांबी २४० आहे, म्हणजे मधल्या भाल्याच्या आधी तोच पोचतो. त्याचा भाला त्याच्या उजव्या हाताला असतो. शेवटच्या क्षणी तुम्ही स्वतःच्या उजवीकडे सरका, म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला येता, आणि घोड्याच्या छातीवर किंवा मानेवर टोचा. टोच वाटते त्यापेक्षा आधी सोडावी लागते. जास्त पिंगवर तर आणखी आधी, कारण तुम्हाला दिसणारा घोडा प्रत्यक्षात पुढे निघून आलेला असतो. टोच उशिरा झाली की घोडा धडक देऊन पाडतो.

साथीदारांमध्ये

भालेवाल्याची जागा ढालवाल्याच्या तिरकस मागे असते. अगदी पाठीमागे उभं राहिलात आणि सर्व्हरवर आपल्याच माणसाला मार लागण्याची सोय चालू असली, तर पहिली टोच त्याच्या पाठीत जाते. काही सर्व्हरवर त्या माराचा वाटा तुमच्याही अंगावर येतो. त्याच्या खांद्याच्या बाजूने, वरून टोचा. तो ज्याच्याशी लढतोय त्यालाच टोचा. त्या माणसाला एकाच वेळी दोन दिशांचा ब्लॉक घेता येत नाही. वेढ्यात शिडीच्या किंवा जिन्याच्या तोंडाशी अशी दोघांची जोडी बराच वेळ तग धरते. अरुंद दारात मात्र पाइक फिरवता येत नाही. तो भिंतीला अडतो आणि वार तिथेच संपतो.

सराव

लॅनवर गेम होस्ट करा, एका मित्राला तलवार-ढाल द्या. पहिली दहा मिनिटं त्याने फक्त पुढे यायचं आणि तुम्ही एकही टोच न मारता फक्त अंतर राखायचं. त्याची तलवार लागली की तुम्ही हरलात. पुढची दहा मिनिटं त्याचा वार हुकल्यावर एकच टोच, दुसरी नाही. त्यानंतर हूल. चौघे जमले तर दोन-दोनच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक ढाल आणि एक भाला, आणि दर पाच फेऱ्यांनी शस्त्रं बदला. ढालवाल्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय मागच्या भाल्याने नेमकं कुठून टोचायला हवं ते कळत नाही. माणसं कमी पडली तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, वाढवा. ते सरळ चालून येतात, त्यामुळे अंतराचा सराव होतो, पण हूल त्यांच्यावर शिकू नका.