टार्गेटसाठी मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हर घेताय? या चुका टाळा

आमच्याकडे ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या घरी, खंडेनवमीला आजोबांची जुनी दुनाळी कपाटातून निघते, पुसापुशी होते, हळदकुंकू लागतं, आणि मग बंदुकांच्या गप्पा रात्रीपर्यंत चालतात. या वेळी पुतण्याचा टेक्सासहून व्हिडिओ कॉल आला, त्याला आता ग्रीन कार्ड मिळालंय, म्हणाला काका, शनिवारी रेंजवर जायला ४४ मॅग्नम घेतोय, कुठली घेऊ? मी स्वतः तिकडे आठ वर्षं होतो आणि नेमकी हीच चूक केली होती, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथेही लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोअरचं (नळीच्या भोकाच्या मापाचं) नाव बघून घेणं. ४४ मॅग्नमच्या एका गोळीत आपल्याकडच्या ३२ बोअरच्या साधारण आठ पट ताकद असते, आणि तो धक्का प्रत्येक वेळी तुमच्या मनगटातूनच जाणार असतो. पहिले सहा राऊंड मजा येते, विसाव्या राऊंडला हात भरून येतो, आणि त्यानंतर घोडा (ट्रिगर) ओढायच्या आधीच हात आपोआप खाली दबायला लागतो. याला फ्लिंच म्हणतात. ही सवय एकदा लागली की घालवायला महिने जातात, माझे गेले. मौजेसाठी नेमबाजी करायची तर एका बैठकीत पन्नास-शंभर राऊंड आरामात झाले पाहिजेत, आणि काडतुसाचा खर्चही तितका झेपला पाहिजे. म्हणून मी ३५७ मॅग्नमच सुचवतो, कारण त्यात ३८ स्पेशल हे कमी ताकदीचं काडतूस बिनधास्त चालतं, बुलेटचा व्यास तोच आहे, फक्त ३५७ ची केस (काडतुसाचं धातूचं कवच) थोडी लांब आहे. म्हणजे रोज ३८ मारा, हौस आली की सहा मॅग्नम. ४४ च हवी असेल तर त्यातही ४४ स्पेशल चालतं, ते घेऊन सुरुवात करा. उलटं मात्र कधीच नाही, ३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम घालायचा प्रयत्नसुद्धा करू नका, लांबी म्हणूनच वाढवलेली आहे.

दुसरी चूक, हलकी घेणं. दुकानात हलकी आणि दोन इंची नळीची हातात छान वाटते, पण ती खिशात बाळगायला बनवलेली असते. टार्गेटला वजन हा मित्र आहे. स्टीलची, किलोभराच्या वर, नळी ६ इंच नाहीतर निदान ४ इंच. लांब नळीत मागची खाच आणि पुढची माशी यातलं अंतर वाढतं, त्यामुळे नेमातली चूक डोळ्याला लगेच दिसते. मागची साइट स्क्रूने हलणारी असावी, कारण रिव्हॉल्व्हरमध्ये जड आणि हळू गोळी जवळच्या टार्गेटवर बहुतेक वर लागते (ती नळीतून निघेपर्यंत धक्क्याने नळी उचलली गेलेली असते), म्हणजे काडतूस बदललं की साइटही बदलावी लागते. लोक इथे रिव्हॉल्व्हरलाच दोष देऊन मोकळे होतात.

मूठ हाताला बसते का ते बघा, पहिल्या बोटाचं पेर घोड्यावर नीट आलं पाहिजे. मूठ मोठी असेल तर बदलून मिळते, त्यासाठी अख्खी रिव्हॉल्व्हर नाकारू नका.

सेकंडहँड घेत असाल तर आधी सिलिंडर (काडतुसांचे खाने असलेला फिरणारा भाग) उघडून रिकामी आहे हे स्वतः बघा, विकणाऱ्याने सांगितलं तरीही. मग विकणाऱ्याला विचारून घोडी (मागचा हॅमर) मागे ओढा आणि सिलिंडर हाताने हलवून बघा, सहाही खान्यांवर. थोडा खुळखुळा चालतो, पण एखाद्या खान्यावर सिलिंडर जागेवर लॉकच होत नसेल तर सोडून द्या, कारण खाना आणि नळी एका रेषेत नसतील तर गोळी कडेला घासून शिसं बाजूने उडतं.

आता घेतल्यानंतरच्या तक्रारी. ३८ खूप मारल्यावर ३५७ आत जाईना किंवा रिकामी केस निघेना? खान्यात, छोटी केस संपते तिथे, काजळीचं कडं जमतं. ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंटने घासा, ठोकून बसवू नका. सिलिंडर अडकत फिरतोय? एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या केस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली न जळलेली दारू अडकलेली असते, नाहीतर धक्क्याने एखाद्या काडतुसाची गोळी पुढे सरकून बाहेर डोकावतेय. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांबा, गोळी नळीतच राहिली असू शकते आणि मागून दुसरी मारली तर नळी फुटू शकते. बार उडालाच नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच उघडा.

बोटं सिलिंडरच्या पुढे ठेवू नका! सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून गरम गॅस निघतो, मॅग्नमचा तर कापतो. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही, कारण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. चष्मा अर्थातच.

इथे ग्वाल्हेर-भिंड-मुरैनाकडचे लोक विचारतात की आम्ही अशी घेऊ का. आपल्याकडे प्रतिबंधित बोअरचं लायसन्स केंद्राकडून असतं, जिल्हाधिकारी देतात ते नॉन प्रोहिबिटेडचं (प्रतिबंधित नसलेल्या बोअरचं), आणि रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेकांकडे कानपूरच्या फॅक्टरीची ३२ असते. तिच्यावर हळहळू नका, २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत कित्येक नेमबाज ३२ च वापरतात, तिथे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतच बोअर चालतो, ४४ ला प्रवेशच नाही. पण सराव रेंजवरच करा, शेतात किंवा वरातीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि दरवर्षी कुठल्या तरी लग्नात कोणाचं तरी पोर जातं ते वाचून फार वाईट वाटतं.

पुतण्याने शेवटी ६ इंची ३५७ घेतली. मागच्या रविवारी टार्गेटचा फोटो पाठवला, ३८ चेच राऊंड, पण सगळे खाली डावीकडे. उजव्या हाताने मारणाऱ्याचं असं होतं तेव्हा तो घोडा झटक्यात ओढत असतो, त्याला म्हटलं मित्राला सांग की सहा खान्यांत दोन-तीन डमी (न उडणारी खोटी काडतुसं) मिसळून दे, तुला कळू न देता, डमीवर नळी खाली दबली की तुझं तुलाच दिसेल.